अपडेट कंपनीचा, कन्सोल आपला, मग दुरुस्तीचं बिल कुणी भरायचं?

वाशिष्ठीकाठी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि तोही रागात, तेव्हा वाक्यं वेडीवाकडी झाली तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे एक गेमिंग कन्सोल आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला इथे तत्त्वाचा प्रश्न विचारायचाय. धाकट्या भावाने अडीच वर्षांपूर्वी मुंबईहून आणला, पक्क्या बिलासकट. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमचा टीव्ही, फ्रीज, कपाटं, पोरांच्या वह्या सगळं गेलं होतं, त्यानंतर घरात आलेली ती पहिली चैनीची वस्तू. त्यामुळे पोरं त्याला जपतात, वर सुती फडका, बाजूला कुणी पाण्याचा तांब्या ठेवला तरी आरडाओरडा.

गेल्या महिन्यात रात्री नऊला पोरांनी लावला तर पडद्यावर आलं की नवीन अपडेट आहे, तो घेतल्याशिवाय ऑनलाइन जाता येणार नाही. मीच बटण दाबलं. लाईट गेली नाही, शिवाय इन्व्हर्टर होता. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, कन्सोल आपोआप बंद होऊन चालू झाला आणि पडदा काळा तो काळाच. नऊ वाजता चालणारी वस्तू साडेनऊला मेली. मधल्या अर्ध्या तासात तिला हात लावला तो फक्त कंपनीने.

सर्व्हिस सेंटर म्हणतं मेन बोर्ड बदलावा लागेल, २१ हजार रुपये, वॉरंटी संपलीय. मी विचारलं, बिघाड तुमच्या अपडेटने झाला, मग वॉरंटीचा संबंध काय? तर म्हणे सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही.

माझं म्हणणं एवढंच. वस्तू वापरून झिजली, पडली, भिजली तर वॉरंटीनंतर खर्च माझा, मान्य. पण कंपनीने आपणहून पाठवलेल्या गोष्टीने ती बंद पडली तर तारीख कुठलीही असो, खर्च कंपनीचा. तुम्हाला काय वाटतं? आणि कुणाला असा अनुभव आहे का?

हापूस_की_पायरी
शंभर टक्के सहमत. नर्सरीतून हापूसचं कलम आणलं, लावलं, पाच वर्षं पाणी घातलं, आणि एका रात्री नर्सरीवाला येऊन म्हणाला थांबा जरा सुधारणा करतो, सकाळी झाड सुकलेलं. आणि वर तो म्हणणार नवीन कलमाचे पैसे द्या! बागेत कोण शिरू देईल त्याला परत?

गजालकर
आमच्याकडे सेट टॉप बॉक्साचो असोच किस्सो झालो. रात्री दशावतार बघून इलंय, सकाळी टीव्ही लावलंय तर नुसतो निळो पडदो. फोन केलंय तर सांगतत अपडेट इलो हा, दोन तास थांबा. दोन तासांचे चार दिस झाले. मगे माणूस इलो आणि साडेतीनशे रुपये मागूक लागलो. आपल्या घरात येवन वस्तू बिघडवतलो तो आणि पैसे भरूचे आपण? ह्यो खयचो न्याय?

काजूगर
थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. माझं देवरुखात इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. "अपडेटनंतर बंद पडलं" म्हणून येणाऱ्या वस्तूंपैकी सगळ्या अपडेटने मेलेल्या नसतात. आपल्याकडची हवा खारी आणि दमट. बोर्डावर हिरवट गंज धरतो, सोल्डरचे डाग सुटतात, व्होल्टेज कधी १७० तर कधी २६०. वस्तू आतून आधीच अर्धमेली असते. अपडेटच्या वेळी काय होतं, मेमरीवर एकदम भरपूर लिहिलं जातं, प्रोसेसर तापतो आणि पूर्ण बंद होऊन परत चालू व्हावं लागतं. एरवी आपण स्टँडबायवर ठेवतो म्हणून तो दोष महिनोन्‌महिने दिसत नाही. म्हातारा बैल चढाला बसला तर दोष चढाचा की वयाचा, हे उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून सरसकट कंपनी देईल असं म्हटलं तर प्रत्येक जण जुनी वस्तू अपडेटच्या दिवशी घेऊन उभा राहील.

तिसरी_घंटा
काजूगर दादा, पण मग उघडून बघणारं कोण? कंपनीचंच सर्व्हिस सेंटर ना? आमच्या मोबाईलला सेंटरवाल्याने आतली एक छोटी पट्टी लाल झालेली दाखवली आणि म्हणाला पाणी गेलंय. पाणी कुठलं, श्रावणात आमच्या गुहागरात कपाटातल्या चादरीसुद्धा ओल्या लागतात! मीठ पातळ होतं, पापडाला बुरशी येते. अशा हवेत ती पट्टी लाल होणारच. तिच्या जोरावर आमची वॉरंटी नाकारली. हवेचा दोषसुद्धा गिऱ्हाइकाच्या माथी.

काजूगर
ताई, हे बरोबर आहे तुमचं. ती पट्टी पाण्याचा थेंब लागल्यावर रंग बदलायला असते, पण आपल्याकडे वर्षानुवर्षं दमटपणात राहून, आत वाफ धरून लाल झालेल्या मी स्वतः पाहिल्यात. निव्वळ तिच्यावरून निकाल देणं चूक.

सड्यावरून
मी याच क्षेत्रातला, पुण्यात फर्मवेअर, म्हणजे वस्तूच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं टेस्टिंग करतो, सध्या राजापूरला घरी आलोय आणि रेंजसाठी सड्यावर येऊन हे टाइप करतोय, तेव्हा मध्येच गायब झालो तर समजून घ्या.

अपडेट वस्तूला मारतो कसा ते सांगतो, कारण पैसे कुणाचे हे त्यावरच ठरायला पाहिजे. कन्सोलच्या आत फ्लॅश मेमरी असते, तिच्यात सिस्टीम सॉफ्टवेअर. अपडेट करायचे दोन रस्ते. एक म्हणजे राहतं घर पाडून त्याच जोत्यावर नवं बांधायचं. मध्येच लाईट गेली किंवा चुकीचा दगड बसला की तुम्ही उघड्यावर. दुसरा म्हणजे शेजारच्या मोकळ्या जागेत नवं घर बांधायचं, दिवाबत्ती लावून बघायची, सगळं ठीक असेल तरच बिऱ्हाड हलवायचं, नाहीतर जुन्या घरात परत. अँड्रॉइडमध्ये ही दुसरी सोय २०१६ ला ७.० व्हर्जनपासून आली. जागा दुप्पट लागते, थोडा खर्च वाढतो, पण वस्तू मरायची शक्यता खूपच कमी होते. म्हणजे "मध्येच बंद करू नका" ही पाटी दाखवून हात झटकायचे की परतीची वाट ठेवायची, ही निवड डिझाइन करणाऱ्याची. गिऱ्हाइकाच्या हातात त्यातलं काही नाही.

आणखी एक. बऱ्याच कन्सोलांत जुन्या सॉफ्टवेअरवर मागे जाता येत नाही. एक्सबॉक्स ३६० आणि निंटेंडो स्विच यांच्या चिपमध्ये तर बारीक फ्यूज असतात, ठराविक अपडेटला त्यातला एक कायमचा जाळला जातो, मग जुनं सॉफ्टवेअर चालतच नाही. चोरीचे गेम रोखायला हे केलंय, त्यामागचं कारण मला पटतं. पण परतीचा दोर तुम्हीच कापला ना? मग पुढच्या वाटेची जबाबदारीपण तुमचीच.

काजूगर यांचं जुन्या वस्तूंबद्दलचं निरीक्षणही अगदी खरं आहे, आम्ही टेस्टिंगला नवे कोरे युनिट घेतो, चार पावसाळे खाल्लेले कोणी घेत नाही. पण माझ्या मते तोही टेस्टिंगचाच दोष.

वाशिष्ठीकाठी
सड्यावरून, घराचं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं, तिला पहिल्यांदाच नीट समजलं काय झालं ते. आभार.

पार्लरवाला_कणकवली
माझा गेम पार्लर आहे, चार कन्सोल, तासाला साठ रुपये. दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात, चाकरमानी आले होते, पोरांची रांग लागलेली, आणि एक कन्सोल अपडेटनंतर डिस्क वाचेना. बाकी सगळं चालू, फक्त डिस्क नाही. बारा हजार सांगितले. भरले, दुसरं काय करणार, सीझन निघून गेला असता. माझ्यासारख्याचं नुसतं दुरुस्तीचं बिल नसतं, रोजचा धंदा बुडतो तो वेगळाच. तो कोण देणार?

आणि अपडेट नाही घ्यायचा म्हटलं तर चालत नाही. ऑनलाइन बंद होतं, आणि नवीन गेमची डिस्क घातली तरी कधी कधी तीच म्हणते आधी सिस्टीम अपडेट करा. लोक म्हणतात तुम्ही "सहमत" दाबलं ना, मग तक्रार कशाची. दुसरं बटणच नसेल तर त्याला सहमती म्हणायचं का?

मिऱ्याबंदर
सोप्पं आहे, अपडेट करायचाच नाही. माझा जुना कन्सोल २०१४ पासून नेटला जोडलेलाच नाही. मस्त चालतोय.

सड्यावरून
@मिऱ्याबंदर, घरच्या घरी डिस्क लावून खेळणाऱ्याला चालेल. पण अपडेट नुसते त्रास द्यायला नसतात हो. पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४ चं उदाहरण घ्या, आतली घड्याळाची छोटी बॅटरी मेली आणि कंपनीचे सर्व्हर कधी बंद झाले तर डिजिटल विकत घेतलेले गेमच चालणार नाहीत असा दोष लोकांनी शोधून काढला होता. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटने तो गेला. म्हणजे एका अपडेटने लाखो कन्सोलांचं आयुष्य वाढलं. मला म्हणूनच "अपडेट घेऊ नका" हा सल्ला आवडत नाही. बिघडलं तर आम्ही भरून देऊ एवढं कंपनीने लिहून दिलं की लोक न घाबरता घेतील, आणि त्यात कंपनीचंही भलं.

खाडीपलीकडे
श्रीवर्धनचा, सध्या नोकरीला दुबईत. आमच्याकडे प्रत्येक घरात कुणी ना कुणी आखातात, आणि गावी जाताना कन्सोल नाहीतर मोबाईल घेऊन जाणं ठरलेलंच. मीही भाच्यासाठी नेला होता. तो बंद पडल्यावर कळलं की दुबईची वॉरंटी भारतात चालत नाही, तिकडचं सेंटर हातसुद्धा लावेना. पण अपडेट मात्र भारतात व्यवस्थित येतो बरं का! तेव्हा विचारत नाहीत वस्तू कुठून घेतली ते. पाठवायला जग एक आणि दुरुस्तीला देश वेगळे, हे मला फार लागलं. भाचा सात वर्षांचा, रोज व्हिडिओ कॉलवर विचारायचा मामा कधी बरा होणार तो, जणू काही माणूस आजारी आहे.

शेवटी परत दुबईला आणून दुरुस्त केला, विमानात मांडीवर घेऊन बसलो होतो.

गजालकर
@खाडीपलीकडे, भाच्यान् काळीज पिळवटल्यान रे. बरो झालो ना आता?

खाडीपलीकडे
झाला झाला. गणपतीत चार चार पोरं मिळून खेळत होती.

दर्यासारंग
तुमच्या खेळण्यांचं चाललंय, मी होडीचं सांगतो, प्रश्न तोच आहे. हर्णैला आमची बोट. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, १ ऑगस्टला सगळ्या बोटी एकदम निघतात, पहिल्या फेऱ्यांवर अख्ख्या वर्षाचं गणित. आमच्या फिश फाइंडरला एजंटच्या माणसाने बंदीच्या काळात कार्ड घालून नवीन सॉफ्टवेअर टाकलं, म्हणाला नाखवा आता एकदम भारी दिसेल. समुद्रात गेल्यावर दोन तासांत पडदा गोठला. डिझेल भरलेलं, बर्फ भरलेला, सात खलाशी. तांडेल जुना, त्याला पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांवरून मासळी कळते म्हणून रिकामे आलो नाही एवढंच.

परत आल्यावर मी एकच बोललो, तू हात लावलास तेव्हा चालू होतं, आता बंद आहे, मी तुझ्या दुकानासमोर बसतो. बसलो. संध्याकाळी लिलावाला जाणारे सगळे बघत होते. दुसऱ्या दिवशी नवीन मशीन बसवून दिलं, एक रुपया घेतला नाही. समोर माणूस असला की लाज धरतो. तुमच्या कन्सोलवाल्यांचा माणूसच दिसत नाही, कुणाच्या दारात बसणार?

तिसरी_घंटा
दर्यासारंग दादा, शेवटची ओळ वहीत लिहून ठेवावी अशी. शाळेत मुलांना ग्राहक हक्क शिकवते, त्यात सांगीन.

नेटकरी_खेडचा
थोडा इतिहास, म्हणजे कंपन्यांना भरायला लावता येतं की नाही ते कळेल.

प्लेस्टेशन ३ चा २.४० अपडेट जुलै २००८ ला आला, काही कन्सोल बंद पडले, सोनीने मागे घेतला. परत जून २०१३ ला ४.४५ ने तेच, तोही मागे घेऊन ४.४६ काढला. म्हणजे अपडेटने कन्सोल मरतात हे कंपनीलाच मान्य करावं लागलंय, गिऱ्हाइकाच्या मनाचे खेळ नाहीत.

दुसरा प्रकार वेगळा आहे. १ एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटने पीएस३ वर लिनक्स (कॉम्प्युटरची एक सिस्टीम) चालवायची सोय काढून टाकली. वस्तू बंद पडली नाही, पण विकताना दिलेली सोय नंतर काढून घेतली. अमेरिकेत लोकांनी मिळून दावा लावला, तो आठेक वर्षं चालला आणि तडजोड झाली ती माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर.

आणि एक्सबॉक्स ३६० बंद पडून पुढे लाल दिवे लागायचे, आठवतात? तो हार्डवेअरचा दोष, अपडेटचा नाही, पण बघा, जुलै २००७ ला मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षं केली, ज्यांनी आधीच पैसे भरून दुरुस्त केला होता त्यांचे परत दिले, आणि यासाठी एक अब्ज डॉलरच्या वर बाजूला काढले. म्हणजे "सिस्टीममध्ये ऑप्शन नाही" वगैरे काही नसतं. मनात आलं की ऑप्शन तयार होतो.

इटलीत ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या स्पर्धा आयोगाने अपडेटमुळे जुने फोन मंदावले म्हणून ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. त्यातला एक मुद्दा असा की लोकांना परत जुन्या स्थितीत जायचा मार्गच दिला नव्हता. सड्यावरून यांनी लिहिलेला परतीचा दोर तो हाच.

मिऱ्याबंदर
आठ वर्षं भांडून ६५ डॉलर? त्यापेक्षा २१ हजार भरून मोकळं झालेलं बरं.

काजूगर
मला अजून एक भीती. कंपनीने भरायचं म्हणजे शेवटी किमतीत चढवणार. चाळीसचा कन्सोल बेचाळीसला मिळेल. म्हणजे परत आपणच भरतोय.

हापूस_की_पायरी
चढवू देत ना. दोन हजार सगळ्यांनी मिळून भरले तर कुणा एकट्यावर २१ हजारांचा धोंडा पडणार नाही. वाडीतली विहीर उपसायला सगळे वर्गणी काढतात तसंच. आणि बिघडवलं की खिशातून जातंय हे कळलं की कंपनी आधी नीट तपासून पाठवेल.

नवखा_गुहागरी
२०१९ चा नवीन ग्राहक कायदा आहे ना, त्यात प्रॉडक्ट लायबिलिटी म्हणून वेगळं प्रकरणच आहे, उत्पादकावर थेट दावा. तोच लावा आणि २१ हजार काय, पाच लाख मागा!

कोर्टाच्या_पायरीवर
रत्नागिरीत वकिली करते. @नवखा_गुहागरी, उत्साह चांगला आहे पण या ठिकाणी चुकीच्या दारावर थाप पडेल. त्या प्रकरणात "हानी" कशाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे, आणि वस्तूचं स्वतःचंच झालेलं नुकसान त्यातून स्पष्ट वगळलंय. कन्सोलने पेट घेऊन टीव्ही जळला तर टीव्हीसाठी ते कलम. कन्सोल नुसता मेला तर नाही. अनेक जण इथेच फसतात आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे दाखवतो.

मग रस्ता कोणता? साधा, जुनाच. "मालातील दोष" आणि "सेवेतील त्रुटी". अपडेट ही कंपनीने विक्रीनंतर चालू ठेवलेली सेवा आहे, आणि ती देताना वस्तू निकामी केली, असा मुद्दा मांडायचा. मला यात सगळ्यात जमेची बाजू हीच वाटते की वॉरंटी विक्रीच्या दिवसापासून मोजतात, पण ही कृती कंपनीने गेल्या महिन्यात केली. तक्रारीचं कारण त्या रात्री घडलं. तिथून दोन वर्षांत तक्रार दाखल करता येते. निकाल काय लागेल याची हमी कुठलाच वकील देऊ शकत नाही, मीही देत नाही, पण मुद्दा दमदार आहे.

करार एकतर्फी आहे म्हणून तोच रद्द करा असं म्हणायचं असेल तर तो "अन्याय्य करार", आणि ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात नाही, राज्य आयोगात जाते. २१ हजारांसाठी तिकडे जाऊ नका.

मुंबईला जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. चिपळूणकरांना रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, श्रीवर्धनला अलिबाग. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. ऑनलाइनही होतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

काजूगर यांचा प्रश्न, दोष अपडेटचा की गंजाचा. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. कंपनीच्या सेंटरचा शब्द शेवटचा नसतो.

@पार्लरवाला_कणकवली, तुम्हाला कुणी सांगेल की धंद्यासाठी घेतलं म्हणजे ग्राहक नाही. पण स्वतः राबून त्यावरच पोट भरत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. दोन वर्षांची मुदत मात्र मोजून बघा.

पार्लरवाला_कणकवली
मॅडम, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तारीख बघतो, पावती कुठेतरी असेल. मनापासून आभार.

सड्यावरून
वाशिष्ठीकाठी, एक विचारायचं राहिलं, सेफ मोड, म्हणजे बिघाड झाल्यावर मोजक्याच गोष्टींवर चालू करायची सोय, करून बघितला का? तुमचा कुठला आहे माहीत नाही, पण पीएस४ किंवा पीएस५ असेल तर बंद असताना पॉवर बटण दाबून धरायचं, दुसरी बीप आली की सोडायचं, कंट्रोलर वायरने जोडायचा. पेनड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरची अपडेट फाइल सांगितलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये घालून परत टाकता येते. दुसऱ्या कन्सोलांतही असंच काहीतरी असतं. पण सगळं पुसणारा पर्याय घेऊ नका, पोरांचे सेव्ह जातील. आणि करताना दुसऱ्या मोबाईलवर व्हिडिओ काढा.

तिसरी_घंटा
आणि कुणाचं ऐकून तांदळाच्या डब्यात ठेवू नका! आमच्याकडे मोबाईल ठेवला होता, चार्जिंगच्या भोकात कणी अडकली.

काजूगर
हे मात्र सगळ्यांनी पाळा. पावसाळ्यात कन्सोल महिना महिना बंद ठेवू नका, आठवड्यातून दोनदा तासभर चालवा, त्याच्याच उष्णतेने आत दमट राहत नाही. स्टॅबिलायझर लावा. मागे सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या उन्हात तापवून परत वापरा. समुद्रापासून किलोमीटरभर आत असलात तरी.

वाशिष्ठीकाठी
दहा दिवसांनी येतोय, माफ करा, दुकानाचं काम होतं.

सेफ मोड केला, बीप येते, पडदा काळाच. व्हिडिओ आहे. १९१५ वर नोंद केली, कंपनीला सविस्तर मेल लिहिला, त्यात वर मॅडमनी सांगितलेला मुद्दा जसाच्या तसा, की तुमची कृती गेल्या महिन्यातली आहे. काजूगर दादांच्या दुकानात नेऊन दाखवला, त्यांनी वरूनच टॉर्च मारून जाळीतून बघितलं, सील तोडलं नाही, दिसतंय तेवढ्या भागात गंज नाही म्हणाले. एक पैसा घेतला नाही त्यांनी, वर बायकोला काजूगर दिले पिशवीभर.

काल कंपनीचा मेल आला. "अपवाद म्हणून" अर्धे, म्हणजे साडेदहा हजार भरा, बोर्ड बदलून देतो. आणि सोबत एक कागद सही करायला.

घरात दोन मतं पडलीत. भाऊ म्हणतो घे आणि सोडून दे. मुलगी नववीत आहे, ती म्हणाली बाबा, आपली चूक शून्य आहे तर आपण अर्धे का द्यायचे. मला तिच्यासमोर उत्तर सुचलं नाही.

मिऱ्याबंदर
घ्या हो. अर्धे तर अर्धे. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला.

दर्यासारंग
नका घेऊ. अर्धे देतो म्हणाला म्हणजे त्याला कळलंय चूक कुणाची ती.

काजूगर
सुरुवातीला मी विरुद्ध बोललो होतो. वस्तू बघितल्यानंतर सांगतो, या प्रकरणात मला अपडेटशिवाय दुसरं कारण दिसत नाही. बाहेरून जेवढं बघता येतं तेवढ्यावरून. लागलं तर तसं लिहून देईन, दुकानाच्या शिक्क्यासकट.

कोर्टाच्या_पायरीवर
पैसे घ्यायचे की नाही तुमचा निर्णय, पण तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका. "याउपर कोणतीही तक्रार राहणार नाही" असं बहुतेक लिहिलेलं असतं, मग दार बंद. "अपवाद म्हणून" हा शब्दही मुद्दाम असतो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवता येऊ नये.

वाशिष्ठीकाठी
रात्रभर विचार केला. कागदावर तेच वाक्य होतं, मॅडम. सही केली नाही. मेल लिहिला की पूर्ण खर्च तुमचा, नाहीतर जिल्हा आयोग. मुलीनेच टाइप केला. कन्सोल कपाटात सुती फडक्यात गुंडाळून ठेवलाय. पोरं कॅरम काढून बसलीत.

तक्रारीचा मसुदा करायला घेतोय. कुणाला कोणती कागदपत्रं लागतात माहीत असेल तर सांगा.

कोर्टाच्या_पायरीवर
खरेदीचं बिल, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, २१ हजारांचं एस्टिमेट, सगळे मेल, हेल्पलाइनचा नोंदणी क्रमांक, व्हिडिओ पेनड्राइव्हवर, आणि काजूगर यांचं पत्र. बिल भावाच्या नावावर असेल तर तक्रारदार भाऊ आणि तुम्ही दोघेही लावा. मी मंगळवारी दुपारपर्यंत आयोगातच असते, येताना जॉबशीटची मूळ प्रत आणा. आणि कन्सोलचं सील आहे तसंच राहू दे, अगदी पोरांनी कितीही हट्ट केला तरी.